दुसऱ्या पानिपताची कादंबरी



जळगावच्या एका वाचनालयात दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. सारी नोकरी भुसावळच्या यार्डात झालेली, हातात डॉ. जयंत नारळीकरांच्या कथांचे पुस्तक. त्यातली 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा त्यांनी नुकतीच संपवली होती आणि चेहऱ्यावर तक्रार होती. म्हणाले, "कथा झकास आहे हो, पण ही काय गोष्टीत मावणारी चीज आहे? याची पाचशे पानांची कादंबरी व्हायला हवी होती. आणि ती रणजित देसाईंनी लिहायला हवी होती!"

मी हसलो. घरी गेल्यावर मात्र हसू ओसरले. गृहस्थांच्या बोलण्यात एक जुना प्रश्न दडलेला होता, आणि आजचे व्याख्यान त्यातूनच निघाले आहे. नामवंत कादंबरीकाराने दुसऱ्याने उभारलेल्या वैज्ञानिक कल्पनाविश्वात जाऊन लिहावे, ही वाचकाची इच्छा कुठून येते? आणि मराठीत ती अपुरी का राहिली?

पाश्चात्त्य देशांत ही इच्छा बरीच जुनी आहे, आणि तिच्यावर धंदाही चालतो. एखादा चित्रपट किंवा दूरचित्रवाणीवरची मालिका गाजते. तिच्यातली माणसे, ग्रह, अवकाशयाने लोकांच्या तोंडी बसतात. मग प्रकाशक त्या विश्वावर कादंबऱ्या काढतो. लेखकाला घर आयते मिळते. भिंती मात्र हलवायच्या नाहीत. मी या प्रकाराला भाड्याच्या घरातली कादंबरी म्हणतो. वाचक अशा वेळी फार हौशी असतो. अमक्या मोठ्या लेखकाने हे घर वर्षभर भाड्याने घेतले तर काय बहार येईल, असे तो मनाशी मांडत बसतो.

कधी कधी ती हौस पुरीही होते. व्हिएतनामच्या युद्धात जखमी होऊन परतलेला जो हाल्डेमन हा अमेरिकन लेखक. त्याची 'द फॉरेव्हर वॉर' ही कादंबरी १९७४ साली आली आणि तिने त्याचे नाव केले. त्याने १९७७ साली 'स्टार ट्रेक' मालिकेवर कादंबरी लिहिली. इंग्लंडचा मायकेल मूरकॉक हा तर आपल्या मनचे राजे असणाऱ्यांपैकी. २०१० साली त्यानेही 'डॉक्टर हू'च्या घरात बिऱ्हाड केले.

पण या सगळ्यात मला जास्त गोडी वाटते ती आयझॅक आसिमॉव्हच्या हकिकतीची. १९६६ साली 'फँटास्टिक व्हॉयेज' नावाचा चित्रपट निघाला. पाणबुडी आणि तिच्यातली माणसे सूक्ष्म करून रोग्याच्या रक्तात सोडायची, आणि साठ मिनिटांत त्याच्या मेंदूतली गाठ नाहीशी करायची, असे कथानक. आसिमॉव्हला पटकथेवरून कादंबरी करायला सांगितली. तो पडला जीवरसायनशास्त्राचा प्राध्यापक. त्याच्या ध्यानात आले की शेवटी माणसे बाहेर येतात, पण पांढऱ्या पेशीने गिळलेली पाणबुडी आतच राहते. तास भरल्यावर तीही मूळ आकाराला येणार. मग रोग्याचे काय? त्याने आपल्या कादंबरीत ती पेशीसुद्धा माणसांमागोमाग बाहेर आणली. चित्रपटात ती चूक तशीच राहिली. पुस्तक चित्रपटाच्या आधी बाजारात आल्यामुळे चित्रपटच पुस्तकावरून केला, असा पुष्कळांचा समज झाला. भाडेकरूनेच घरमालकाचे छप्पर शाकारून द्यावे, असा हा प्रकार!

आता आपल्याकडे वळू. मराठी कादंबरीकाराने असे भाड्याच्या घरात कधी लिहिलेच नाही काय? मी म्हणतो, त्याने आयुष्यभर दुसरे काय केले? १९५९ साली खांडेकरांनी 'ययाति' लिहिली, १९६७ साली शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'. ही घरे व्यासांनी बांधलेली. कर्णाच्या रथाचे चाक रुतणार, हे वाचकाला पहिल्या पानावरच ठाऊक असते आणि सावंतांना त्यात तसूभर बदल करायची मुभा नसते. खांडेकरांनी कचाला मूळ उपाख्यानापेक्षा पुष्कळ मोठे केले, पण ययातीने मुलाकडे तारुण्य मागितले नाही असे त्यांनाही लिहिता आले नसते. इथे कंपनी नाही, करारपत्र नाही; देखरेख करतो तो वाचक. आणि वाचकासारखा कडक घरमालक नाही. ऐतिहासिक कादंबरीलाही हाच न्याय. देसाईंच्या 'स्वामी'त थोरल्या माधवरावांना थेऊरला देह ठेवावाच लागतो.

सांगायचे ते एवढेच, की आमच्या मोठ्या कादंबरीकाराला आयते विश्व हवे तेव्हा ते त्याला मागे सापडत होते, भरलेले आणि वाचकासकट. पुढे, म्हणजे भविष्यात, मराठीचे असे कुठलेच सामाईक घर नव्हते.

विज्ञानकथा मराठीत नव्हती असे मात्र कुणी समजू नये. ज्यूल व्हर्नची चंद्रावरची सफर १९०० साली 'केरळ कोकिळ' मासिकातून मराठीत उतरली होती. श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरचा पाहुणा केला. 'चंद्रावर स्वारी' हे नाव ऐकून आजही साठीतले लोक खुर्चीत सावरून बसतात. अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने अद्भुताला हक्काची पाने दिली. नारायण धारपांची भुते पुष्कळांच्या लक्षात आहेत, त्यांच्या विज्ञानकथा थोड्यांच्या. पण समीक्षकाने हे सारे बालवाङ्मयाच्या नाहीतर करमणुकीच्या फडताळात ठेवून कुलूप घातले. त्या फडताळाकडे प्रतिष्ठित कादंबरीकार जाणार कशाला? शिरवाडकरांनी १९५६ साली 'कल्पनेच्या तीरावर' लिहिली खरी, पण तीरावरून ते पुन्हा कवितेकडे आणि नाटकाकडे परतले. पुढे अरुण साधूंनी, म्हणजे 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' लिहिणाऱ्या साधूंनी, 'विप्लवा' लिहून हे धाडस केले. त्यांच्या चाहत्यांना आजही 'सिंहासन'च आठवते, याला इलाज नाही.

आणि मग १९७४ साल आले. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरे उलटी केली की झाले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती. पुढल्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी आपल्या भाषणात या नव्या लेखनाची आवर्जून दखल घेतली.

या प्रसंगाकडे जरा थांबून पाहावेसे वाटते. इतर देशांत वाचक म्हणतो, मोठे नाव या दालनात या. इथे जगभर नाव झालेला माणूस नाव लपवून दालनात शिरतो, कारण कथा नावावर तरून जाऊ नये अशी त्याची इच्छा. हे नारळीकरांच्या स्वभावाला शोभणारे होतेच. पण त्याचा परिणाम असा झाला की मराठी विज्ञानकथेची सूत्रे वैज्ञानिकांच्या हाती गेली. बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, लक्ष्मण लोंढे ही मंडळी आली आणि त्यांनी उत्तम लिहिले. कादंबरीकारांनी मात्र लांबून टाळ्या वाजवल्या. हे त्यांचे काम आहे, आपले नव्हे, अशी सोयीची वाटणी होऊन गेली. मला ही वाटणी मान्य नाही. आसिमॉव्हसारखा पाणबुडीचा हिशेब मांडणारा माणूस एक आणि कर्णाच्या पोटात शिरणारा माणूस दुसरा. ते एकाच घरात क्वचित राहतात, म्हणून तर भाडेकरू हवा.

आता पुन्हा त्या कथेकडे. गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक. पानिपत वेगळे झाले असते तर, या विचारात असताना अपघात होतो आणि ते दुसऱ्याच इतिहासात जाऊन पडतात. तिथे जिजामाता एक्स्प्रेस पुणे-मुंबई धावते. मुंबई इंग्रजांकडे आहे खरी, पण भाडेपट्ट्याने. मुंबईच्या ग्रंथालयात बसून ते उलगडा करतात की १४ जानेवारी १७६१ रोजी गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली. ती लागली नाही. विश्वासराव जगले आणि मराठे जिंकले.

त्या जगात एक गंमत आहे. तिथे सभेला अध्यक्ष नसतो. गंगाधरपंत सवयीने रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसतात आणि श्रोते त्यांच्यावर टोमॅटो आणि अंडी फेकतात. आमच्या अध्यक्षमहाराजांची क्षमा मागून मी हे सांगतो. तुमच्यापैकी कुणाच्या पिशवीत भाजी असेल तर ती तशीच घरी न्यावी.

पण भुसावळच्या त्या गृहस्थांचे बोलणे इथे मला नीट उमगले. त्यांनी देसाईंचेच नाव का घेतले? विश्वासराव पानिपतावर पडले म्हणून धाकटे माधवराव पेशवे झाले. ते पडले नसते तर 'स्वामी' या कादंबरीचा नायकच उरत नाही! नारळीकरांच्या कथेत विश्वासराव आणि माधवराव दोघे मिळून राज्य वाढवतात, एवढे दोन-चार ओळींत येते. आता देसाईंचा विचार करा. १९६२ साली ज्यांनी सत्तावीस वर्षांच्या माधवरावांना राजयक्ष्म्याने झिजताना आपल्यासमोर उभे केले, त्यांच्या हाती हे घर दिले असते तर? थोरला भाऊ गादीवर आहे. धाकट्याच्या डोक्यावर कर्जबाजारी दौलतीचे ओझे नाही. तो असाच झिजला असता, की जगला असता? क्षयाचे जंतू काही पानिपताचा निकाल विचारून येत नाहीत. रमाबाईंचे काय झाले असते? नारळीकरांना गोळीच्या मार्गाशी कर्तव्य होते, आणि कथेला तेवढे पुरते. माणसांचे काय होते ते सांगायला दुसरा हात हवा होता. देसाई १९९२ साली गेले. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. दोघे आपापल्या दालनात थोर ठरले. मधला दरवाजा कुणी उघडला नाही.

मला सर्वांत चुटपुट लागते ती धुळ्याला राजवाडे मंडळाच्या वास्तूपुढे उभे राहिले की. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तो १७५० ते १७६१ या काळातल्या पत्रांचा. म्हणजे पानिपताचाच. पुढे ते धुळ्यास आले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले, आणि दहा दिवसांत त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाडे 'जर' आणि 'तर' यांना जवळ उभे करणारे नव्हते. कागद दाखवा, मग बोला, असा खाक्या. पण हाच माणूस कादंबरीवर दीर्घ निबंध लिहून गेला आहे, हे विसरू नये. गोळी कुठे लागली हे पक्के ठाऊक असल्याखेरीज ती चुकली असती तर काय, हा प्रश्न विचारताच येत नाही. दुसऱ्या पानिपताच्या कादंबरीकाराला पहिल्या पानिपताचे दफ्तर लागेल, आणि ते दफ्तर सोसणारी परंपरा खानदेशात आहे.

खानदेशचा आजचा सर्वांत मोठा कादंबरीकार, सांगवीचे भालचंद्र नेमाडे, यांच्याकडे बोट दाखवून काही तरुण मला विचारतात, सरांनी अवकाशकथा लिहिली तर? मी त्यांना २०१० सालची 'हिंदू' काढून देतो. तिचा नायक खंडेराव पुराणवस्तुसंशोधक. मोहेंजोदडोच्या उत्खननावरून तो खानदेशातल्या आपल्या गावी परततो आणि हजारो वर्षे उकरत राहतो. कालयंत्र आहेच ते, फक्त त्याची कळ मागच्या बाजूला फिरते. पुढे फिरवायला सामान कमी आहे असे नाही. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजींनी उजेडात आणला. आणि यावल-रावेरच्या मळ्यात आज एका कोंबापासून प्रयोगशाळेत वाढवलेली केळीची हजारो रोपे उभी आहेत, एकीसारखी दुसरी. शेतकरी त्यांना 'टिश्यूची रोपं' म्हणतो आणि पाणी द्यायला जातो.

त्या गृहस्थांची आणि माझी गाठ पुढे एकदाच पडली. मी त्यांना विचारले, "देसाई तर गेले. आता दुसरे कुणाचे नाव सुचवता?" त्यांनी खिशातून एक वही काढली. बँकेच्या पासबुकाएवढी. तिच्यात त्यांनी दुसऱ्या पानिपतानंतरचे पेशव्यांचे वंशवृक्ष, तहनामे आणि एक रेल्वेचे वेळापत्रक आखले होते. त्यात जिजामाता एक्स्प्रेस भुसावळपर्यंत वाढवली होती.