नाताळ आणि आमचा टाळ

आमच्या धाराशिवात बर्फ भेटतो तो उसाच्या रसात. तरी डिसेंबर उजाडला की शेजारच्या पोरांच्या मोबाइलवर ‘जिंगल बेल्स’ सुरू! १८५७ सालचं हे अमेरिकन गाणं बर्फावरच्या घोडागाडीचं. त्यात ख्रिस्तजन्माचं नावही नाही. (माझा पाय मात्र ठेका धरतोच, काय करणार?)

मराठी येशू याहून जुना. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, तेही चक्क ओव्यांत! पुढे १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांनी तर त्याला थेट अभंगात, कीर्तनात आणून बसवलं. तुळजापूरच्या संबळावर पोसलेल्या माझ्या कानांना हा नाताळ घरचाच वाटतो.

सौभाग्यवतींचा हुकूम आहे : आधी टिळक लावा, घोडागाडी जेवणं झाल्यावर.