पंगत कोणाची? एका धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाची आठवण

पंगतीचं राजकारण आपल्या भंडाऱ्यात कोणाला शिकवावं लागत नाही. कोण कुठं बसतो, पाणी कोण वाढतो, यावरून गावातली ज्याची त्याची जागा कळते. याच भंडाऱ्यातून १९५४ साली बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले.

आज हे आठवलं ते एका ख्रिस्ती फादरमुळे. जॉर्ज सोआरिस-प्रभू (१९२९-१९९५). येशूसंघाचे धर्मगुरू, पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात नव्या कराराचे प्राध्यापक. मत्तयाच्या शुभवर्तमानावरचा त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये रोमहून निघाला. युरोपातल्या विद्वानांत नाव झालं.

पण माणूस तिथंच थांबला नाही. युरोपात शिकलेली ग्रंथ-चिकित्सा भारतातल्या गरिबाच्या काय कामाची, असं त्यांनी स्वतःच्याच विद्येला विचारलं. आयुष्यभर कमावलेल्या हत्यारावर असा प्रश्न टाकायला हिंमत लागते राव!

१९९२ मध्ये त्यांनी येशूच्या पंगतीवर दीर्घ निबंध लिहिला, तोही दलित ख्रिस्तींना समोर ठेवून. येशू जकातदारांसोबत, पापी म्हणून हिणवलेल्यांसोबत जेवायला बसायचा. धर्माचे ठेकेदार चिडायचे. सोआरिस-प्रभूंच्या लेखी हे नुसतं जेवण नव्हतं, शिवाशिव मोडणारी कृती होती. मग वेदीवर एकच भाकर मोडणाऱ्या चर्चमध्ये जात कशी काय टिकते? देशात काही ठिकाणी तर दलित ख्रिस्तींची दफनभूमीसुद्धा वेगळी आहे.

दुसऱ्या बाजूला सरकार. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच. म्हणजे कागदावर जात संपली, पंगतीत मात्र नाही.

फादर १९९५ मध्ये अपघातात गेले. पुढं त्यांचं लेखन चार खंडांत निघालं, पण इंग्रजीत. म्हणून आपल्यापर्यंत पोहोचलं नाही.

त्यांनी प्रश्न आधी आपल्याच घराला विचारला, हे मला महत्त्वाचं वाटते. दुसऱ्याच्या धर्मातली जात सगळ्यांनाच दिसते. आपल्या पंगतीचं काय? पुढच्या लग्नात जेवायला बसाल तेव्हा शेजारी कोण बसलाय, तेवढं बघा.