खेळाडू कुणाचा? पंचरंगी सामने आणि 'बाकीच्यां'चा संघ

आमच्या पासलीकडे, म्हणजे वेल्हे-भोरच्या पट्ट्यात, जत्रेला कुस्त्यांचा फड भरतो. जोड ठरली की पुकारणारा पैलवानाच्या नावासोबत त्याचं गाव नाहीतर तालीम सांगतो. कडेला बसलेल्यांचा पहिला प्रश्नही तोच असतो, "कुणाचा रे?" लहानपणी मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. खेळांचा इतिहास वाचायला लागल्यावर मात्र हा प्रश्न डोक्यातून जाईना. खेळाडू कुणाचा, हे ठरवतं कोण?

आधी एक लांबचं उदाहरण घेऊ. ब्रिटनमध्ये काही चर्चची स्वतःची गोल्फ मंडळं असतात. एक दिवस ठरवून सभासद जमतात आणि मैत्रीची स्पर्धा खेळतात. गोल्फमध्ये हँडिकॅप नावाची सोय असते. कच्च्या खेळाडूला काही फटक्यांची सूट मिळते, त्यामुळे नवखा आणि मुरलेला दोघं एकाच स्पर्धेत उतरू शकतात. शेवटी जेवण आणि छोटंसं बक्षीस. गंमत म्हणजे, एके काळी स्कॉटलंडमध्ये रविवारी प्रवचनाच्या वेळेला गोल्फ खेळणाऱ्यांना चर्चच शिक्षा करायचं!

एका चर्चची किंवा एका देवळाची माणसं मिळून खेळली तर त्यात वावगं काहीच नाही. त्यांनी स्वतः निवडलेली ती सोबत असते. पण मैदानात शिरायचा दरवाजाच धर्माचा असेल तर? याचं उत्तर आपल्या मुंबईत सापडतं.

१८७५ साली बॉम्बे जिमखाना निघाला, तो गोऱ्यांचा. पुढे समुद्रकाठी पारशी, मुसलमान आणि हिंदू जिमखान्यांना जवळजवळ जागा मिळाल्या. युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने आधीपासून होतेच. १९०७ साली हिंदू संघ आला आणि सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुस्लिम संघ आल्यावर ते चौरंगी झाले. म्हणजे जिमखाने धर्मावर उभे होते आणि संघही.

आता इथे नवा संशोधक हमखास चुकतो. धावफलकावर 'हिंदू' असं लिहिलेलं दिसलं की तो एकसंध गट धरून चालतो. पण पाळवणकर बाळू यांचं काय? ते तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातले. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदानाची कामं करता करता आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते अव्वल फिरकी गोलंदाज झाले. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतलं, कारण सामने जिंकायचे होते. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावायचे, पण चहाच्या सुट्टीत बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. धावफलकात बळी दिसतात, चहाचं भांडं दिसत नाही.

१९३७ साली पाचवा संघ आला आणि सामने पंचरंगी झाले. या संघाचं नाव 'द रेस्ट'. सरळ मराठीत 'बाकीचे'. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू असे जे चार खणांत बसत नव्हते, ते सगळे यात. ही माणसं काय आहेत हे त्या नावावरून कळत नाही, फक्त काय नाहीत तेवढं कळतं.

या 'बाकीच्यां'त सांगलीत जन्मलेले एक मराठी ख्रिस्ती होते, विजय हजारे. १९४३-४४ च्या हंगामात ब्रेबॉर्न स्टेडियमवरच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला. त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. 'बाकीचे' पहिल्या डावात १३३ वर आटोपले. दुसऱ्या डावात त्यांनी ३८७ केल्या आणि त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! भाऊ विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागी झाली, तिच्यात विवेक यांचा वाटा फक्त २१. तरी सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेला.

महात्मा गांधींनी १९४० सालीच या धर्मवार संघांबद्दल नापसंती सांगितली होती. तरी सामने थांबायला १९४६ उजाडलं.

आता पुढचं पान उलटा. मार्च १९४७, रणजी करंडकाचा अंतिम सामना, बडोदा विरुद्ध होळकर. हजारे २८८, गुल महंमद ३१९, आणि दोघांची भागी ५७७ धावांची. पंचरंगीच्या नियमाने हे दोघं एका संघात येऊच शकले नसते. इथे दोघंही बडोद्याचे. देश फाळणीच्या उंबरठ्यावर असतानाची ही भागी आहे, हे लक्षात घ्या. माणूस तोच होता. "कुणाचा?" याचं उत्तर मात्र स्पर्धा भरवणाऱ्यांनी बदललं होतं.

म्हणून संशोधनाला बसताना एवढं करा. कागदावर जो गट लिहिलेला दिसेल, तो कुणी पाडला आणि त्या माणसाला दुसरा दरवाजा उघडा होता का, हे आधी विचारा. मग सामन्याच्या आजूबाजूचं शोधा: चहा, जेवण, बसायच्या जागा, आठवणी. आणि तुमच्या स्वतःच्या प्रश्नावलीत शेवटी 'इतर' असा रकाना असेल तर तिथे जरा थांबा. त्यात कोण कोण येतंय ते वहीत नावानिशी लिहून काढा. एखादा ३०९ वाला त्यात असायचा.