गट, वतन आणि आपली जावळी

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गणपतीत भाचा पुण्याहून आला होता. आरती झाली की हा लॅपटॉप उघडून बसायचा. 'स्कायरिम' नावाचा गेम. २०११ चा आहे म्हणजे तसा जुना, पण पोरं अजून खेळतात. मी बाजूला बसून बघत होतो. बर्फाळ डोंगरी मुलूख, एकीकडे साम्राज्याची फौज, दुसरीकडे बंडखोर सरदार. शिवाय योद्ध्यांची टोळी वेगळी, जादूगारांची वेगळी, चोरांची वेगळी. कुठल्याही गटात शिरायचं, ते सांगतील ती कामं करायची, मग किताब मिळतो, चिलखत मिळतं, तलवार मिळते. युद्धात मात्र दोनपैकी एकच बाजू धरता येते.

मी विचारलं, "अरे, तू चोरांच्यातही आहेस आणि योद्ध्यांच्यातही?"

"हो मामा, चालतं. दोन्हीकडचं बक्षीस मिळतं."

"आणि ज्या गावात चोरी केलीस, तिथे?"

"पकडलं तर दंड भरायचा. मग मोकळे."

मला हसू आलं, कारण त्याच आठवड्यात मी एका पक्षप्रवेशाची बातमी इथे टाकली होती आणि खाली तुम्ही सगळे दोनच शब्दांवर भांडत होतात: गद्दार आणि निष्ठावंत. अलीकडच्या पक्षांतरांवर मी आज लिहिणार नाही. त्यावर कमेंट करायला तुम्ही समर्थ आहात. पण हे दोन शब्द आपण ज्या मातीत उभे राहून वापरतो, त्या मातीत गट कसे बदलले जायचे आणि त्याचं बक्षीस काय असायचं, हे एकदा नीट बघू.

सुरुवात जावळीपासून. आज जावळीचं खोरं सातारा जिल्ह्यात धरतात, पण मोऱ्यांचं राज्य घाट उतरून आपल्याकडे पसरलं होतं. पोलादपूर तालुक्यातला ढवळ्याजवळचा चंद्रगड त्यांचा, कांगोरी म्हणजे मंगळगड त्यांचा, आणि रायरीही त्यांचीच. तीच रायरी पुढे रायगड झाली. महाड हे सावित्रीवरचं बंदर. माल इथे उतरायचा आणि पारघाटाने देशावर चढायचा. घाट ज्याच्या हातात, जकात त्याच्या हातात. म्हणून या जंगलाची एवढी किंमत.

आता 'चंद्रराव मोरे' यातलं चंद्रराव हे नाव नव्हे, किताब. आदिलशाहीने दिलेला. गादीवर बसेल तो चंद्रराव. भाच्याच्या गेममध्ये फौजेत बढती मिळाली की नवं नाव मिळतं ना, तसंच. शेवटचा चंद्रराव गादीवर आला तेव्हा त्याच्या पाठीशी शिवाजी महाराज होते, असं इतिहासकार मानतात. म्हणजे किताब विजापूरचा आणि टेकू पुण्याकडचा. दोन्ही गटांत पाय. काही वर्षं हे चाललं. मग चाललं नाही. जानेवारी १६५६ मध्ये महाराजांनी जावळी घेतली, चंद्रराव रायरीवर गेला, तिथेही वेढा पडला आणि त्याच वर्षी रायरी हाती आली.

या लढाईत मोऱ्यांच्या बाजूने तलवार चालवणारा एक माणूस होता, मुरारबाजी देशपांडे. आपल्या महाड तालुक्यातल्या किंजळोलीचा म्हणून आपण ज्याला ओळखतो तोच. त्याच्याकडे परत येतो, आधी वतन म्हणजे काय ते सांगू द्या, कारण शाळेच्या पुस्तकात हा शब्द येतो आणि निघून जातो.

वतन म्हणजे नुसती जमीन नव्हे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही पदं पिढीजात. गावाने भरलेल्या वसुलातला ठरलेला हिस्सा, हक्काचे पैसे, वर मानपान: पोळ्याला बैल कुणाचा पुढे, होळीची पोळी कुणाची, लग्नात विडा पहिला कुणाला. यावरून पिढ्यान् पिढ्या खून पडलेत. (काही गावांत अजून बोलाचाली बंद आहेत, नावं घेत नाही.) राज्य बदललं की नव्या सरकारकडून वतनाची सनद पक्की करून घ्यावी लागायची. म्हणून कुठलीही फौज घाटाखाली उतरली की वतनदारापुढे प्रश्न एकच: सनद कोण देणार? जिंकणारा कोण, हे आधी कळत नसे. मग भाऊबंदांत एक जण या बाजूला, दुसरा त्या बाजूला. कुणीही जिंको, वतन घरात राहावं. याला तुम्ही गद्दारी म्हणा, मी त्याला त्या काळचा विमा म्हणतो.

१६५९ मध्ये हा प्रश्न सगळ्या मावळाला एकदम पडला. अफजलखान निघाला होता. १६ जून १६५९ चं आदिलशाही फर्मान कान्होजी जेध्यांच्या हाती पडलं. मजकुराचा अर्थ सरळ होता: खानाला मिळा, तो सांगेल तशी तुमची बढती करू. खंडोजी खोपडे खानाला मिळाले. जावळीच्या मोऱ्यांपैकी प्रतापराव मोरे तर खानाबरोबरच होता, त्याला गेलेली जावळी परत हवी होती. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो कदाचित. कान्होजी ते फर्मान आणि आपले मुलगे घेऊन महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडलं. हे 'पाणी सोडणं' आपण आता कशासाठीही म्हणतो, पण जेध्यांच्या घरातल्या नोंदीत त्याचा अर्थ अक्षरशः तो होता. हातात पाणी घेतलं आणि पिढ्यांची कमाई सोडली. पुढे प्रतापगडाखाली काय झालं ते तुम्हाला पाठ आहे.

मला इथे कान्होजींच्या शौर्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. समोरच्या गटाकडे द्यायला वतन होतं. महाराजांकडे काय होतं? सभासदाने लिहून ठेवलंय की महाराजांनी सरदारांना मुलूख तोडून देण्यापेक्षा रोख पगारावर भर दिला. गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत असे तीन अधिकारी, एकट्याच्या हातात गड नाही. वतनदारांचे कोट-हुडे पाडले, वसूल सरकारने थेट करायचा आणि वतनदाराचा हक्क सरकारातून रोख द्यायचा. जुनी वतनं सरसकट बुडवली नाहीत, पण वतनदाराचा दात काढला. पगार चाकरी असेपर्यंत मिळतो, वतन नातवालाही मिळतं. त्यामुळे महाराजांचा गट बक्षिसात कमीच पडायचा. तरी माणसं आली. उमरठला तानाजींच्या समाधीजवळ उभं राहिलं की माझ्या मनात हाच हिशोब येतो.

आता मुरारबाजी. जावळी पडल्यावर ते महाराजांकडे आले. आजच्या कमेंटच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी 'पक्ष बदलला', धनी हरल्यावर जिंकणाऱ्याकडे गेले. नऊ वर्षांनी, मे १६६५ मध्ये, पुरंदरला दिलेरखानाचा वेढा होता. मुरारबाजी मोजके लोक घेऊन खानाच्या फौजेत घुसले. बखर सांगते की त्यांची लढाई बघून खानाने कौल देऊ केला: आमच्याकडे ये, नावाजतो. त्यांनी तो धुडकावला आणि तिथेच पडले.

एकच माणूस. एकदा गट बदलला, एकदा बदलला नाही. गद्दार म्हणायचं की निष्ठावंत? किंजळोलीत उभं राहून हा प्रश्न विचारून बघा.

बरं, त्यानंतर महिनाभरातच, जून १६६५ मध्ये, पुरंदरचा तह झाला. २३ किल्ले गेले, संभाजीराजांच्या नावे पाच हजारी मनसब आली आणि महाराज स्वतः मोगलांच्या बाजूने विजापूरवर चालून गेले. नेतोजी पालकर विजापूरकडे गेले, तिथून मोगलांकडे, मग धर्म बदलून काबूलकडे, आणि १६७६ मध्ये परत स्वराज्यात. महाराजांनी त्यांना घेतलं. आपण असतो तर ट्रोल केलं असतं.

सगळ्यात विचित्र कागद मात्र पुढचा आहे, आणि तो आपल्या रायगडाशी जोडलेला आहे.

१६८९ च्या नोव्हेंबरात रायगड मोगलांनी घेतला. येसूबाई आणि शाहूराजे कैदेत. वाईच्या देशमुखीसाठी सूर्याजी पिसाळाने गड दिला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. वाईच्या देशमुखीचा तंटा खरा, दरवाजा त्यानेच उघडला का यावर इतिहासकारांत वाद आहेत. नाव मात्र कायमचं शिवी झालं. गड घेणाऱ्या इतिकादखानाला बादशहाने जुल्फिकारखान हा किताब दिला. तिकडे किताबाची ददात नव्हती.

राजाराम महाराज जिंजीला. खजिना नाही, मुलूख नाही, पगार देणार कुठून? औरंगजेब मराठा सरदारांना मनसबी वाटत होता. मग जिंजीहून सनदा निघू लागल्या. जून १६९१ ची घोरपड्यांना दिलेली सनद बघा. सहा लाख होनांचा सरंजाम कबूल केलाय, पण टप्प्याटप्प्याने. रायगड प्रांत घेतल्यावर ७५ हजार. विजापूर घेतल्यावर ७५ हजार. भागानगर, म्हणजे हैदराबाद, घेतल्यावर ७५ हजार. औरंगाबाद घेतल्यावर ७५ हजार. उरलेले तीन लाख दिल्ली घेतल्यावर!

भाच्याला हे सांगितलं तर तो उठून बसला. "मामा, ही तर क्वेस्ट आहे!" म्हणजे मोहीम, एक पुरी केली की पुढची खुली. मी म्हटलं, बाळा, फरक आहे. पहिला टप्पा रायगड. तो आधी मोगलांकडे आणि मग सिद्दीकडे राहिला आणि मराठ्यांना परत मिळाला १७३३ मध्ये. सनदेनंतर ४२ वर्षांनी. सनद देणारे राजाराम महाराज १७०० मध्येच गेले होते.

त्या परिस्थितीत दुसरा इलाज नव्हता, हे मला मान्य आहे. राज्य त्या सनदांवर तगलं. पण जो दात थोरल्या महाराजांनी काढला होता तो परत उगवला. सरदाराने जिंकायचं आणि जिंकलेलं स्वतःच खायचं. नंतरच्या मराठेशाहीत कुणी कुणाचं ऐकेना, त्याचं बीज इथे आहे असं माझं मत आहे.

आणि हे बक्षीस द्यायचं कुणी? सनदेवर शिक्का राजाचा, पण हिस्सा निघायचा वसुलातून, म्हणजे बिरवाडीच्या, कापड्याच्या, पोलादपूरच्या कुणब्याच्या खळ्यातून. वतनाच्या उतरंडीत सगळ्यात खाली होतं महारवतन. तुकडाभर इनाम जमीन, गावाकडून बलुतं, आणि बदल्यात रात्री-अपरात्री सरकारची आणि गावाची राबणूक. वरच्यांचं वतन म्हणजे मान, खालच्याचं वतन म्हणजे दावं. वरचे सनद घेऊन गट बदलू शकत होते. याला कुठला गट घ्यायला तयार होता?

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आपल्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले, हे जगाला माहीत आहे. त्यांनी पुढच्याच मार्चमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महारवतनाविरुद्ध विधेयक मांडलं, हे आपल्याकडे फार कुणी सांगत नाही. त्यांच्या मते ती जमीन म्हणजे बक्षीस नव्हतं, समाजाला गावकीशी बांधून ठेवणारी साखळी होती. विधेयक तेव्हा पार पडलं नाही. परगणा आणि कुलकर्णी वतनं कायद्याने गेली १९५० मध्ये. कनिष्ठ गाववतनांचा कायदा यायला १९५८ उजाडलं. जाण्यातही उतरंड पाळली गेली.

भाचा पुण्याला गेला. जाताना म्हणाला, त्याने बंडखोरांची बाजू घेतलीय, पण गेम सेव्ह करून ठेवलाय, साम्राज्याकडून परत खेळणार आहे.

एक विनंती. २०२१ च्या जुलैच्या पुरानंतर बातमीसाठी फिरताना एका घराच्या ओट्यावर मोडी कागदांचं गाठोडं वाळत घातलेलं मी पाहिलं होतं. निम्म्याहून जास्त लगदा झाला होता. घरातल्या आजी म्हणाल्या, "आमच्या वतनाचे कागद हायत, कुणाला वाचता येत न्हाईत." महाड-पोलादपुरात कुणाच्या माळ्यावर, देव्हाऱ्यामागे, जुन्या ट्रंकेत असे कागद असतील, देशमुखीचे असोत नाहीतर महारकीचे, तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि मला इनबॉक्स करा. मोडी वाचणारे माझ्या ओळखीत आहेत. पैसे पडणार नाहीत. कागद तुमच्याकडेच राहतील.