केकातली नवटाक

पोलिश भाषेत ‘बाबा’ म्हणजे आजी. हे कळल्यापासून मला पोलंडमधल्या एकत्र कुटुंबांची काळजी वाटत आली आहे. तिकडच्या घरात कुणी ‘बाबा आले’ म्हटलं तर दार कुणाला उघडायचं? पण ते असो. आपला विषय केक. फ्रान्समध्ये ‘बाबा ओ रोम’ नावाचा एक केक मिळतो. यातली ‘रोम’ म्हणजे इटलीतलं शहर नव्हे, सरळसरळ रम. म्हणजे शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं, तर ‘रममधली आजी’ असं काहीतरी होतं. एवढं उघड नाव असूनही फ्रेंच माणसं हा केक सहकुटुंब खातात.

या आजीचा जन्म एका राजाच्या घरी झाला असं सांगतात. स्तानिस्लास लेश्चिन्स्की हा पोलंडच्या गादीवर दोनदा बसला आणि दोन्ही वेळा त्याला उठवण्यात आलं. पण माणूस एका बाबतीत नशीबवान. त्याची मुलगी मारी हिचं १७२५ साली फ्रान्सच्या पंधराव्या लुईशी लग्न झालं, आणि गादी गेलेल्या सासऱ्याची पुढे लोरेन प्रांतात सोय लागली. जावई चांगला मिळाला की उतारवयात माणसाला खाण्यापिण्याकडे लक्ष देता येतं. तर या राजापुढे एकदा केक आला, तो कोरडा ठणठणीत. कुणी म्हणतात राजाचे दात दुखत होते, कुणी म्हणतात त्याने रागाने ताटलीच भिरकावली. काही असो, त्या केकावर गोड वाईन ओतली गेली आणि राजाची कळी खुलली. रम नंतर आली. राजाचा आचारी निकोला स्तोरेर मारीबरोबर व्हर्सायला गेला आणि १७३० साली त्याने पॅरिसमध्ये मोंतोर्गेय रस्त्यावर मिठाईचं दुकान काढलं. ते दुकान अजून चालू आहे. 

या गोष्टीतला राजा काढून टाका, म्हणजे ती आपल्याच स्वयंपाकघरातली वाटेल. शिळ्या पोळीचा कुस्करा, उरलेल्या भाताची फोडणी, वाळलेल्या पावाचं पुडिंग. घरातलं काही कडक झालं की बाई ते टाकत नाही, त्यावर काहीतरी ओतते. आपण ताक ओतलं, त्यांनी वाईन ओतली. ज्याच्या घरी जे असेल ते.

पण माझी पुतणी मला सांगते की नुसतं ओलं करणं हे काही दारूचं खरं काम नव्हे. तिला बेकिंगचा नाद आहे. रविवारी तिच्या घरी गेलं तर बसायला खुर्ची नसते, कारण खुर्च्यांवर केक गार होत असतात. सध्या तिच्या डोक्यात संत्र्याच्या लिकरचे कपकेक आहेत. लिकर म्हणजे साखर घातलेली सुवासिक दारू. तिचं म्हणणं असं, की संत्र्याचा वास रसात नसतो, सालीत असतो. सालीवर जे बारीक बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या. लहानपणी आपण साल दुमडून भावाच्या डोळ्यांत पिचकारी मारायचो ते हेच तेल. हे तेल पाण्यात विरघळत नाही, मद्यार्कात विरघळतं. म्हणून साल दारूत घालून ठेवायची, म्हणजे वास दारूत उतरतो. त्यातही वरची केशरी साल तेवढी घ्यायची, आतला पांढरा भाग आला की कडू जहर.

हे ऐकल्यावर मी संत्र्याच्या मागे लागलो. नोकरीतून सुटलेल्या माणसाला कशाच्या तरी मागे लागावंच लागतं. 

संस्कृतात नारंग. तिथून हा शब्द इराणात गेला, तिथे तो ‘नारंग’च राहिला. अरबांनी त्याचा ‘नारंज’ केला, स्पॅनिश लोकांनी ‘नारांखा’ केला, आणि फ्रान्सला पोचेपर्यंत पुढचा ‘न’ गळून नुसता ‘ओरांज’ उरला. एवढ्या लांबच्या प्रवासात एखादा डाग हरवायचाच. साखरेचंही तेच. शर्करा, शकर, सुक्कर, सुक्र, शुगर. म्हणजे ज्या केकाला माझ्या पिढीतली माणसं ‘विलायती थेर’ म्हणत आली, त्यातल्या दोन मुख्य नावांचं माहेर इकडचं निघालं. उलट ज्याला आपण ‘आपलं नागपुरी संत्रं’ म्हणतो त्या संत्र्याचं नाव पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आल्याचं सांगतात, आणि मोसंबीचं मोझांबिकवरून. कोण देशी आणि कोण परदेशी याचा वाद घालायचा असेल त्याने फळांच्या गाडीपाशी तरी घालू नये.

आणि अल्कोहोल? हा अरबी शब्द, ‘अल-कुह्ल’. त्याचा मूळ अर्थ सुरमा, डोळ्यांत घालायची वस्त्रगाळ पूड. बारीक, शुद्ध केलेला कुठलाही पदार्थ म्हणून तो शब्द युरोपात फिरला आणि शेवटी वाईनच्या अर्काला जाऊन चिकटला. डोळ्यांत घालायची वस्तू डोक्यात जाऊ लागली ती अशी.

संत्र्याच्या लिकरची गोष्ट मात्र मला मनापासून आवडली, कारण ती बदली झालेल्या माणसाची आहे. स्पॅनिश लोक १५२७ च्या सुमारास कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटावर वस्तीला गेले. जाताना त्यांनी व्हॅलेन्शियाची गोड संत्री नेऊन लावली. बेट रखरखीत, पाऊस नावाला. झाडं जगली पण चिडली. फळ लहान, हिरवं आणि इतकं कडू की जनावरंही तोंड लावीनात. लागवड वाऱ्यावर सोडून दिली गेली. पुढे कधीतरी कुणाच्या तरी ध्यानात आलं, की या कडवट फळाची साल वाळवली की तिला विलक्षण सुगंध येतो. या फळाला तिथे ‘लाराहा’ म्हणतात. त्याच्या सालीपासून जी लिकर झाली तिचं नाव बेटावरूनच ‘क्युरासाव’ पडलं. फ्रान्समध्ये आंजे गावच्या क्वांत्रो घराण्याने १८७५ साली कडू आणि गोड अशा दोन्ही सालींची, पाण्यासारखी स्वच्छ लिकर काढली. १८८० मध्ये ‘ग्राँ मार्निए’ आली, ती कोन्याक ब्रँडीत कडू संत्र्याचा अर्क घालून केलेली. दोन्हींत मद्यार्क ४० टक्के. म्हणजे बाटली दिसायला सरबताची असली तरी आत व्हिस्कीएवढाच ऐवज असतो.

कपकेकाची हकीगत त्या मानाने साधी. अमेरिकेत अमेलिया सिमन्स नावाच्या बाईंनी १७९६ साली स्वयंपाकाचं पुस्तक काढलं, त्यात लहान कपांत भाजायचा एक हलका केक आहे. १८२८ मध्ये एलायझा लेस्ली यांच्या पुस्तकात ‘कप केक’ हे नाव येतं, पण तिथे कप हा भांडं म्हणून नव्हे तर माप म्हणून. तराजू घरोघर नव्हते, तेव्हा कपाने मोजा. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. आपल्या सात कप वडीने हेच केलं. आणि केक भाजायचा कशात, हा प्रश्नही आपल्या बायकांनी प्रेशर कुकरमध्ये वाळू घालून, शिट्टी काढून ठेवून सोडवला होता. त्या केकात दारू नव्हती. असायचं कारणच नव्हतं, दारूबंदी होती.

या दारूबंदीपाशी मला जरा थांबायला हवं. मुंबई शहरात ती प्रथम १९३९ साली आली, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पक्की झाली. या कायद्यात ‘दारू’ची व्याख्या इतकी ऐसपैस, की मद्यार्क असलेला कुठलाही द्रव पदार्थ तिच्यात बसावा. मग औषधांचं काय, यूडी-कोलनचं काय? एफ. एन. बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९५१ साली निकाल लागला, की कायदा ठीक आहे, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं बाळगण्या-वापरण्यावरची बंदी टिकणार नाही. केकाबद्दल कुणी विचारलं नाही. केक हा द्रव नाही, तेव्हा तो बहुधा सुटला असता. त्यात घालायची बाटली मात्र सुटली नसती. परवान्याची अट आपल्या राज्यात कायद्याच्या पुस्तकात आजही आहे.

बंदी होती म्हणजे दारू नव्हती असं नव्हे. हातभट्टी होती, नवसागर होता, गल्लीगल्लीत ‘आंटी’ होत्या, आणि जुन्या शेराच्या हिशेबातलं ‘नवटाक’ हे अर्ध्या पावशेराचं माप दूध-तेलापेक्षा दारूसाठीच लोकांच्या तोंडी उरलं. हा काळ विनोदी लेखनाला फार सोयीचा. मीही एरवी त्यावर दोन-चार कोट्या केल्या असत्या. पण माझे आईकडचे आजोबा त्या नवटाकाने गेले. गिरगावात राहायचे, छापखान्यात खिळे जुळवायचे. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या मावशीने पाहिलं. ती तेव्हा दहा-बारा वर्षांची होती आणि त्यांना आणायला तीच जायची.

आता मावशी ऐंशीच्या पुढे आहे. तिने आयुष्यात खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं लेबल वाचून घेतलं. आणि पुतणीचे ते लिकरचे कपकेक होणार होते नेमके मावशीच्या वाढदिवसाला.

घरात दोन पक्ष पडले. माझा भाऊ म्हणाला, “तिला सांगायचं कशाला? ओव्हनमध्ये सगळी उडून जाते.” हे वाक्य मी इतक्या घरांत इतक्या वेळा ऐकलं आहे की ते खरं असावं असंच मला वाटत होतं. मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो, ओव्हन १८० वर, मग राहील कशाला? पण अमेरिकेच्या शेतकी खात्याने याची मोजणी करून ठेवली आहे. मद्यार्क पाण्याचा हात धरून बसतो, सहजासहजी उठत नाही. पदार्थात मिसळून अर्धा तास शिजवलं तरी सुमारे ३५ टक्के उरतो, तासाभराने २५, अडीच तासांनी ५. कपकेक तर वीस मिनिटांत बाहेर येतात. शिवाय पुतणी लिकर घालणार होती ती भाजल्यानंतर, पाकात मिसळून, दाभणाने भोकं पाडून. तिथे उडायचा प्रश्नच नाही.

“पण किती असते ती!” भाऊ हटेना. हिशेब केला. बारा कपकेकांना दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलिटर. त्यात निव्वळ मद्यार्क १२. दर केकाला १. एक मिलिलिटर म्हणजे जवळजवळ काहीच नाही, यावर आमचं दोघा भावांचं एकमत झालं. पुतणीचं झालं नाही. ती म्हणाली, “काका, किती हा प्रश्न मावशीआजीनं विचारायचा. आपण परस्पर उत्तर का देतोय?” आणि तिने फोन लावला. आधी तो आकडा सांगितला, मग विचारलं.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग मावशी म्हणाली, “अगं, आमचे बाबासुद्धा नवटाकच घ्यायची असं ठरवून जायचे.” एवढंच. आवाजात राग नव्हता. थोड्या वेळाने म्हणाली, “तू विचारलंस ते बरं केलंस. तुम्ही खा. माझ्यापुरता साधा कर.”

साधा म्हणजे काय, यावर पुतणीने दोन दिवस डोकं चालवलं. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सैल, किसणीवर धड किसत नाही, म्हणून तिने जाड सालीची माल्टा संत्री शोधून आणली. केशरी किस काढून तो साखरेत हातांनी चोळला. चोळल्यावर तेल साखरेत उतरतं आणि साखर ओलसर, पिवळट होते, दारूवाचून. त्या साखरेचा आणि रसाचा पाक करून चार केकांना पाजला. वरच्या फ्रॉस्टिंगला बाजारचं पिवळं बटर चालेना, ते खारट. घरचं पांढरं लोणी, चाळलेली पिठीसाखर, लिंबाचा किस आणि रस अगदी थेंब थेंब, कारण रस जास्त झाला की लोणी फुटतं आणि घोटलेल्या चक्क्यासारखं दिसायला हवं ते नासलेल्या दुधासारखं दिसतं. ते चार केक वेगळ्या ताटलीत, वर प्रत्येकी एक बदामाचा काप, खुणेसाठी.

वाढदिवसाला मावशीने केक हातात घेऊन आधी बदाम नीट पाहिला. मग ताटलीतल्या उरलेल्या तिघांवरचे बदाम मोजले. मग खाल्ला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो, हातातले आमचे केक तसेच.

“साखर जास्त आहे,” ती म्हणाली, “पण वास छान धरलाय. साली टाकून नाही ना दिल्यास? वाळवून शिकेकाईत घालायला होतात. त्या माझ्याकडे पाठव.”