नेव्हादो देल रुईस
कोलंबियातील अँडीज पर्वतरांगेतला जागृत ज्वालामुखी. उंची सु. ५,३०० मी. तो राजधानी बोगोटाच्या पश्चिमेस सु. १३० किमी.वर आहे. विषुववृत्त जवळ असूनही माथ्यावर बारमाही हिम असते; ‘नेव्हादो’ म्हणजे हिमाच्छादित. स्थानिक लोक त्याला ‘निद्रिस्त सिंह’ म्हणतात.

येथे नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकी भूपट्टाखाली सरकतो. खोल गेलेल्या पट्टातून सुटणाऱ्या पाण्यामुळे वरचा खडक कमी तापमानाला वितळतो व शिलारस तयार होतो. हा शिलारस चिकट असल्याने त्यात वायू कोंडतात आणि उद्रेक स्फोटक होतात. लाव्हा आणि राखेचे थर एकावर एक साचून हा स्तरित ज्वालामुखी घडला. त्यात अँडेसाइट व डेसाइट हे खडक मुख्य. माथ्यावर आरेनास हे सु. १ किमी. रुंद विवर आहे.

रुईसच्या लाव्ह्यापेक्षा त्याच्या बर्फाची धास्ती अधिक. तप्त राखेने हिम वितळले की पाणी, माती आणि दगडगोटे यांचा लोट नदीपात्रांतून खाली धावतो. त्याला ‘लाहार’ म्हणतात. वाटेतली माती पोटात घेत तो फुगत जातो. असे लोट १५९५ व १८४५ मध्ये येऊन गेले होते आणि १८४५ च्या गाळावरच पुढे आर्मेरो हे गाव वाढले.

१३ नोव्हेंबर १९८५ रोजी दुपारी आर्मेरोत राख पडू लागली. लोकांना घाबरू नका, घरातच थांबा, असे सांगण्यात आले. रात्री नऊच्या सुमारास मुख्य उद्रेक झाला. तसा तो मध्यमच होता. हिमाच्छादनाचा जेमतेम दहावा हिस्सा वितळला. पण सुमारे अडीच तासांनी लागुनिया नदीतून आलेल्या लोटाने झोपलेले गाव गाडले. एकूण सु. २३,००० माणसे दगावली. ओमायरा सांचेस ही १३ वर्षांची मुलगी गळ्याइतक्या चिखलपाण्यात अडकून सु. ६० तास झुंजली. तिला सोडवता आले नाही.

आर्मेरोला धोका असल्याचे दाखवणारा नकाशा महिनाभर आधीच तयार होता. अडीच तासांत गावाजवळच्या उंचवट्यावर चालत पोहोचता आले असते. म्हणून या संहाराला केवळ नैसर्गिक आपत्ती म्हणणे योग्य नाही.

आता मानिसालेस येथील वेधशाळा रुईसवर अहोरात्र लक्ष ठेवते. २०२३ मध्ये भूकंपांची संख्या वाढल्याने काही महिने नारिंगी इशारा लागू होता. आर्मेरो त्या जागी पुन्हा वसवले गेले नाही.