त्रिकोणाच्या तीन बाजू

२००२ साल. डॉट-कॉमचा फुगा फुटलेला आणि माझ्या हातात इंजिनिअरिंगचे ५४ टक्के. पुण्यात जाईन तिथे एकच अट: दहावीपासून सगळीकडे ६०. गर्दी कमी करायची चाळणी होती ती, आणि मी दर वेळी बाहेर. घरी रोज एकच प्रश्न, "झालं का काही?"

शेवटी एका छोट्या कंपनीत मार्कशीट न बघता कागद पुढे सरकवला. तीन बाजू घेऊन त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज ते सांगणारा प्रोग्रॅम आहे, कसा तपासशील? मी शून्य लिहिलं, उणे आकडे लिहिले, मग १, २, ३. अहो, त्याचा त्रिकोणच होत नाही! टेस्टिंगमधली नोकरी मिळाली.

पुढे कळलं, हा प्रश्न ग्लेनफोर्ड मायर्सच्या 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग' या १९७९च्या पुस्तकात सुरुवातीलाच आहे. प्रोग्रॅम बरोबर चालतो हे दाखवणं म्हणजे टेस्टिंग, असं तेव्हा बरेच जण मानत. मायर्सने उलटं मांडलं: चुका सापडाव्यात म्हणूनच तो चालवायचा. म्हणजे या कामाला हवी शंका घ्यायची सवय. ती मार्कशीटवर छापून येत नाही.

आता मुलाखती मी घेतो. आधी त्रिकोण, मग टक्के. असो.